गुरुजींची मे महिन्यातली शाळा

प्राथमिक शिक्षकाचे सेवापुस्तक उघडले तर अर्धवेतनी रजेचा हिशेब सापडतो, आजारपणाच्या रजा सापडतात, पण अर्जित रजेचा रकाना बहुतेकांचा रिकामा असतो. कारण नियमातच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे शाळा म्हणजे ‘दीर्घ सुट्टी विभाग’. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी मिळते म्हणून शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांसारखी वर्षाकाठी तीस दिवसांची अर्जित रजा नाही. मात्र त्याच नियमात पुढे एक तरतूद आहे. सरकारी कामामुळे ही सुट्टी घेता आली नाही, तर जितकी सुट्टी बुडाली तितक्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर जमा झाली पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पद्धतींवर, पुस्तकांवर, मूल्यमापनावर. ते प्रशिक्षण कोणाच्या वेळात झाले, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. एके काळी हा वेळ सरकार देत असे. तो शिक्षकाच्या सुट्टीत सरकत गेला तो माझ्या डोळ्यांदेखत, आणि म्हणून मला ते नोंदवून ठेवायचे आहे.

सुरुवात फार मागे जाते. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक संस्था निघाली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्याच. धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात, पावकी-निमकी तोंडपाठ होई, मोडी वाचता येई. पण छापील पुस्तक हातात घेऊन वर्ग शिकवणारा माणूस मिळत नव्हता, तो घडवावा लागणार होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत काही तरुण त्यासाठी तयार केले गेले. १८२६ मध्ये त्यांतले चोवीस जण, चौदा मराठी आणि दहा गुजराती, इलाख्यातल्या गावांत शाळा चालवायला निघाले. आधी शिक्षण आणि मग नेमणूक असा तो क्रम होता.

१८४५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे दिली गेली. दर्पणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण शिक्षकांचे शिक्षक म्हणूनही त्यांचे नाव घेतले पाहिजे. पुढच्याच वर्षी ते गेले. सावित्रीबाई फुले यांनीही अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले होते, हे त्यांच्या चरित्रात एका ओळीत येते. मला ती ओळ फार मोठी वाटते. शिकवणे ही शिकून घ्यायची गोष्ट आहे, असे मानणारी ती बाई होती.

पुढे पुण्यात ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. तिथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन मिळे आणि त्या बदल्यात सरकारी शाळेत नोकरी करण्याचे बंधन असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर या कॉलेजचे प्रमुख होते. त्यांच्याच संपादकत्वाखाली ‘शालापत्रक’ निघत असे. दूर खेड्यातल्या एकट्या मास्तरला ते मासिक टपालाने मिळे आणि तो ते रात्री समईपाशी वाची. कामाबाहेरचे शिक्षण म्हणायचे तर तेच पहिले. पण ते सक्तीचे नव्हते आणि त्याची हजेरी कोणी घेत नव्हते. नंतर ‘शालापत्रक’ त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांच्या हाती आले आणि १८७५ मध्ये बंद पडले.

माझे वडील सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तर झाले. अशा शिक्षकाला तेव्हा ‘अनट्रेंड’ म्हणत, आणि त्याचा पगार ट्रेंड मास्तरपेक्षा कमी असे. काही वर्षांनी स्कूल बोर्डाने त्यांना ट्रेनिंगला पाठवले. त्या काळात त्यांची शाळा दुसऱ्याने सांभाळली आणि घरी पैसे येत राहिले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योगाचे, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाचे, वारे होते, म्हणून ट्रेनिंगात सूतकताई शिकावी लागे. पेळूतून धागा एकसारखा निघेपर्यंत परीक्षकापुढे टकळी फिरवायची. वडिलांना कताईचा पुढे शाळेत फारसा उपयोग झाला नाही, असे तेच सांगत. पण दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे टाचण आदल्या संध्याकाळी काढायची सवय त्यांना तिथे लागली, आणि ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. टाचणवहीत डाव्या बाजूला मुलांना विचारायचे प्रश्न आणि उजवीकडे मुलांनी दिलेली उत्तरे. उजवी बाजू ते पाठ झाल्यावर भरत. एवढी एक सवय लावायला ट्रेनिंगचा सबंध काळ खर्ची पडला असेल, तरी मी तो सत्कारणी लागला असेच म्हणेन.

मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या पद्धतीची गटसंमेलने चालू होती. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा, बहुधा शनिवारी, एका शाळेत जमत. शनिवारची शाळा सकाळची. एक जण त्या गावच्या खऱ्या मुलांना नमुना पाठ देई, बाकीचे मागे भिंतीला टेकून बसत. मुले घरी गेली की पाठावर बोलणे होई. गाव पोहे देई. दुपारच्या एसटीने जो तो परत. सुट्टीचा थोडा भाग जाई, पण गावात राहणाऱ्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचा तो मेळा होता. पाठ फसला तर तोंडावर सांगत.

बदल झाला तो १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. देशभरातल्या शिक्षकांना नवे धोरण समजावून सांगायचे ठरले, आणि तेही थोड्या वर्षांत. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-दहा दिवसांचे उद्बोधन वर्ग घेतले गेले. चार वर्षांत सतरा लाखांहून अधिक शिक्षक त्यातून गेले. दूरदर्शनवरून खास कार्यक्रम प्रक्षेपित होत. तालुक्याच्या हायस्कुलात टेबलावर टेबल चढवून टीव्ही ठेवलेला असे आणि आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत असू. मे महिन्याची दुपार, पत्र्याचे छप्पर, आणि वीज गेली की कार्यक्रमही गेला. तो पुन्हा लागत नसे.

सुट्टीच का, याचे उत्तर साधे होते. एकशिक्षकी आणि दोनशिक्षकी शाळांचा तो काळ. शिक्षक दहा दिवस बाहेर गेला तर शाळेला कुलूप. कारण खोटे नव्हते आणि मी त्याला खोटे म्हणत नाही. पण त्यावर उपायही माहीत होता. वडिलांच्या वेळी त्यांची शाळा दुसऱ्याने सांभाळली होती. रजा राखीव शिक्षक नावाची जागा आमच्या खात्यात कागदोपत्री होती. तिथे पुरेशी माणसे नेमली असती तर शिक्षकाला कामाच्या दिवसांत शिकायला सोडता आले असते. माणसे नेमण्यापेक्षा सुट्टी वापरणे स्वस्त पडले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले निर्णायक वळण हेच. त्यानंतर जी जी योजना आली तिने मे महिना आपलाच धरला.

१९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी द्यायचे ठरवले. आमच्या शाळेत गणितपेटी आणि विज्ञानपेटी आली, डेडस्टॉक रजिस्टरला चढली आणि कपाटात गेली. वस्तू हरवली किंवा फुटली तर वसुली होते हे प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत होते. मुलांच्या हाताला ती लागेना. म्हणून ती पेटी वापरायला शिकवणारे प्रशिक्षण १९९३-९४ पासून आले, त्याच्या जोडीला किमान अध्ययन क्षमता आल्या. मग १९९५ चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, आणि त्यासाठी राज्यातल्या सगळ्या प्राथमिक शिक्षकांचे ‘स्मार्ट पीटी’ नावाचे प्रशिक्षण. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने तर मापच ठरवून दिले: दरवर्षी वीस दिवस प्रशिक्षण आणि शिक्षकामागे दिवसाला सत्तर रुपये खर्च. त्या सत्तरात चहा, नाश्ता, जेवण, घटकसंच म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका, चार्टपेपर, स्केचपेन सगळे बसवायचे. ज्याने हे बसवून दाखवले त्या प्रत्येक गट साधन केंद्राच्या माणसाबद्दल मला आदर आहे.

या वर्गांचा एक ठरलेला दिनक्रम होता. सकाळी हजेरीपत्रकावर सही, प्रार्थना, मग आदल्या दिवसाचे अहवालवाचन. अहवाल गटाने लिहायचा आणि तो जमेल तितका रंजक करायचा अशी चढाओढ लागे. कोणी ओवीत, कोणी पोवाड्याच्या चालीवर. मग तासिका, गटकार्य, सादरीकरण. राज्यस्तरावर पुण्यात तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होत, ते जिल्ह्याला शिकवत, जिल्ह्याचे तालुक्याला, आणि तालुक्याचे आम्हाला. पुण्याहून निघालेला विषय आमच्यापर्यंत येता येता पाणी घातलेल्या ताकासारखा होई. मार्गदर्शक म्हणून उभा राहिलेला माणूस आमच्यातलाच, काल घटकसंच हातात पडलेला. त्याला प्रश्न विचारला की तो पान उलटून पाही. दोष त्याचा नव्हता.

मे महिना बाईमाणसाला कसा असतो हे वेगळे सांगायला नको. लग्नसराई, कुरडया-पापड, वर्षभराचे तिखट, माहेरी एक फेरी. आमच्यातल्या कितीतरी जणी पहाटे उठून घरचे आवरून एसटीने तालुक्याला येत. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन येत. शेजारच्या रिकाम्या वर्गात साडीची झोळी बांधलेली असे आणि मूल रडले की तासिकेतून उठून जावे लागे. हजेरीपत्रकावर दुपारच्या सत्राची सही राहिली तर गैरहजेरी लागे, म्हणून त्या सहीच्या वेळी कोणीतरी त्यांना हाक मारी.

आणि तरीही या वर्गांत मला काही मिळाले नाही असे मी लिहू शकत नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडलेले असताना डोंगरातल्या एका शाळेचे गुरुजी म्हणाले, “बाई, वजाबाकीला मी म्हणतो हातचा घ्या. पोरगं विचारतं, हातचा येतो कुठनं? काय सांगायचं त्याला?” आम्ही सगळे बेचाळीसातून सतरा वजा करायला जुन्या रीतीनेच शिकलो होतो. वरच्या दोनाला दहा द्यायचे, त्याचे बारा करायचे, आणि खाली एकाचे दोन करायचे. उत्तर बरोबर येते, पण वरचे दहा कुठून आले आणि खालचा एक का वाढला, हे मुलाला दिसत नाही. आमच्यातल्या एका तरुण शिक्षिकेने कोपऱ्यातल्या खराट्याच्या काड्या मोडल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे दोऱ्याने बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या. “सात काढा,” ती म्हणाली. दोनच सुट्या. मग तिने एका गठ्ठ्याचा दोरा सोडला. बारा सुट्या झाल्या, सात काढल्या, पाच उरल्या. गठ्ठे उरले तीन, त्यांतला एक गेला, दोन राहिले. पंचवीस. गुरुजींनी काड्या पुन्हा बांधल्या आणि स्वतः सोडून पाहिल्या. मग त्यांनी विचारले, शंभरातून सदतीस काढायचे तर? सुटी एकही काडी नाही आणि सुटा गठ्ठाही नाही. दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा आधी सोडायचा, मग त्यातला एक. तासिका सुरू झाल्याची घंटा वाजली तरी आम्ही तिथेच होतो.

घटकसंचात दशक-एककावर प्रकरण होते, काड्यांचे चित्रही होते. सकाळच्या तासिकेत ते वाचून झाले होते. पण गुरुजींचा प्रश्न घटकसंचात नव्हता, तो त्यांच्या वर्गातल्या मुलाचा होता. शिक्षक शिकतो तो असा, आणि त्याला दुसरे शिक्षक लागतात. म्हणून प्रशिक्षणच नको असे म्हणणाऱ्यांत मी कधी नव्हते.

माझे भांडण होते ते हिशेबाचे. सुट्टीतल्या प्रशिक्षणाचे आदेश, उपस्थितीची प्रमाणपत्रे जोडून मी अर्जित रजेसाठी अर्ज केला. ज्या कार्यालयात तो गेला तिथे मला सांगितले गेले की प्रशिक्षण हे शिक्षकाच्या स्वतःच्या उन्नतीसाठी असते, ते कामात धरता येत नाही. गैरहजर राहिले तर मात्र कारणे दाखवा नोटीस येत होती, ती कामात कसूर केली म्हणूनच. मी लेखी उत्तर मागितले, ते बरेच उशिरा आले आणि त्यात नियमाचा उल्लेखच नव्हता. संघटनेने पाठपुरावा केल्यावर काही वर्षांची रजा जमा झाली, काहींची झाली नाही. इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणी सांगत, त्यांच्याकडे ती सहज लागते. एकच नियम टेबलागणिक बदलत होता.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ खाली मतदानाच्या कामासाठी माणसे मागवता येतात आणि ती माणसे फार मोठ्या प्रमाणात शिक्षकच असतात. त्या कायद्याच्या कलम १३४ खाली हे कर्तव्य टाळणाऱ्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. मतपत्रिकेच्या काळात प्रशिक्षण सोपे होते. यंत्रे आली, मग व्हीव्हीपॅट आले, तसे ते वाढत गेले. आता प्रत्यक्ष मतदानाआधी किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे, निकाल काढून दाखवायचा, यंत्र क्लिअर करायचे, मगच हिरवी कागदी मोहोर लावायची. नमुना १७-सी मधल्या मतांचा आकडा यंत्राशी जुळला पाहिजे. मतदान केंद्राध्यक्षाची एक चूक म्हणजे फेरमतदान, ही भीती पोटात घेऊन माणसे रविवारी नाट्यगृहात बसून टिपणे काढतात. हे शिकणे आवश्यकच आहे.

पण ते रविवारी का? २००७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात निर्णय दिला की शिक्षकांना मतदारयाद्यांची आणि निवडणुकीची कामे शक्यतो सुट्टीच्या आणि शिकवण्याबाहेरच्या दिवशी द्यावीत. मुलांचा तास वाचावा हा त्यामागचा हेतू होता आणि त्या हेतूशी मी पूर्ण सहमत आहे. मुलाचा तास कोणीही घेऊ नये. तो वाचवण्याची किंमत मात्र शिक्षकाच्या रविवारातून दिली गेली, आणि तिची मोजदाद नीट झाली नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे किमान तास लिहिलेले आहेत: आठवड्याला पंचेचाळीस, पाठाची तयारी धरून. माझ्या मते हा आकडा फार मोलाचा आहे, कारण शिकवण्याबाहेरचे शिक्षकाचे काम कायद्याने वेळात मोजले. प्रशिक्षण या पंचेचाळीस तासांच्या आत की बाहेर, याचे उत्तर मात्र तिथे नाही. त्या मोकळ्या जागेत मोबाइल शिरला. २०१९ ला शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ नावाचे प्रशिक्षण सुरू झाले, ते समोरासमोर होते. करोना आला, २०२० च्या ऑक्टोबरपासून तेच दीक्षा ॲपवर अठरा अभ्यासक्रमांच्या रूपात आले. २०२० च्या धोरणाने वर्षाला पन्नास तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. बारा वर्षांच्या वरिष्ठ आणि चोवीस वर्षांच्या निवड श्रेणीसाठी सक्तीचे असलेले प्रशिक्षणही २०२२ मध्ये ऑनलाइन झाले, आणि त्याचे दोन हजार रुपये शुल्क शिक्षकांनी खिशातून भरले. पगारश्रेणी त्यावर अवलंबून, म्हणून कोणी नाही म्हणू शकले नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता शेजारच्या तालुक्यात शिक्षिका आहे. रात्री मुले झोपल्यावर ती हे अभ्यासक्रम पुरे करते. व्हिडिओ संपल्यावर प्रश्नांची उत्तरे द्यायची, गुण पडले की प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे आणि केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. सकाळी कोणाचे राहिले त्याची यादी येते. ती सांगते, भाषेवरचा एक अभ्यासक्रम खरेच चांगला होता. घरची बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीकडे कसे आणायचे, यावर होता. तिच्या वर्गात कातकरी मुले आहेत, तिला त्याबद्दल विचारायचे होते. विचारायला समोर कोणी नव्हते. केंद्रप्रमुखाची जागा तिच्या केंद्रात रिकामी आहे, दुसऱ्याकडे जादा कार्यभार आहे, आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेचा बहुतेक वेळ माहिती भरण्यात जातो.

तिने मला फोन केला. मी तिला डोंगरातल्या दोन शाळांची नावे दिली, जिथे कातकरी मुलांना चांगले शिकवणारे शिक्षक आहेत. ती मुख्याध्यापकांकडे एका शनिवारच्या दुपारऐवजी एक पूर्ण दिवस मागते आहे, तिथे जाऊन वर्गात बसायला. अर्जात तिने लिहिले आहे की हा दिवस कामाचा धरावा, आणि त्या दिवशी तिचा वर्ग कोण घेईल हेही लिहिले आहे. अर्ज अजून मंजूर झालेला नाही.